हजारात एक

२००७ च्या मे महिन्यात सोलापुरात आमच्या रुग्णालयाच्या क्ष-किरण विभागात टीएलडी बॅजचा, म्हणजे अंगावर पडलेले किरण मोजण्यासाठी लावायच्या बिल्ल्याचा, तिमाही अहवाल आला, तेव्हा माझ्या नावापुढचा आकडा ही टंकलेखनाची चूक असावी असे मला आधी वाटले. एरवी त्या रकान्यात शून्य असे, फार तर ०.१ किंवा ०.२ मिलिसिव्हर्ट (मिलिसिव्हर्ट हे किरणांचा डोस मोजण्याचे माप). या वेळी तिथे दोनशेच्या वरचा आकडा होता. किरणांशी काम करणाऱ्या माणसासाठी आपल्याकडची मर्यादा पाच वर्षांची सरासरी धरून वर्षाला २० मिलिसिव्हर्ट, आणि कोणत्याही एका वर्षात फार तर ३० मिलिसिव्हर्ट अशी आहे. म्हणजे कागदावर मी तीन महिन्यांत दहा वर्षांचा वाटा संपवून बसले होते. साहेबांनी अहवाल माझ्यासमोर धरून विचारले, "बाई, हे काय?" मी मान खाली घातली आणि "माहीत नाही" म्हणाले.

वास्तविक मला माहीत होते, निदान अर्धे तरी. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या, म्हणजे जत्रेच्या, वेळी नंदीध्वजांची मिरवणूक पाहण्यासाठी मी दोन दिवस रजा घेतली होती, आणि कामावर परतले तेव्हा माझा बॅज नेहमीच्या खुंटीवर नव्हता. बॅज हरवल्याची तक्रार केली तर लेखी जबाब द्यावा लागतो. आधीच्या वर्षी एका सहकाऱ्याला त्यावरून सगळ्यांसमोर बोलणी खावी लागली होती, म्हणून आज सापडेल, उद्या सापडेल असे करत मी नऊ दिवस बॅजशिवाय काम केले. बेरियमच्या तपासण्या ज्या टेबलावर होत, त्याची गादी झटकताना सफाईच्या मावशींना तो सापडला. "ताई, हे तुमचंच नव्हं?" असे म्हणत त्यांनी तो माझ्या हातात ठेवला. त्या टेबलाची क्ष-किरण सोडणारी ट्यूब टेबलाच्या खाली होती. म्हणजे जितके दिवस बॅज गादीखाली पडून होता, तितके दिवस स्क्रीनिंगला आलेल्या प्रत्येक रुग्णाच्या आधी तो सरळ किरणांत होता. मी तो ॲप्रनला लावला आणि कुणाजवळ काही बोलले नाही.

तरीही माझे माहीत असणे अर्धेच होते. त्याच तिमाहीत, आठवड्यातून दोनतीनदा तरी, स्वतःहून उभे राहू न शकणाऱ्या म्हाताऱ्या रुग्णांचे खांदे धरून मी टेबलापाशी उभी राहिले होते, आणि माझ्या अंगावरचा किरण अडवणारा लेड ॲप्रन घडीवर तडकलेला होता. दोनशेतले किती गादीखालच्या बॅजचे आणि किती माझे, हा हिशेब मला कितीही वेळा मांडला तरी सुटत नव्हता.

बॅजला दोष देता येत नाही. त्यात कॅल्शियम सल्फेटच्या, म्हणजे मोडलेल्या हाडावर ज्याचे प्लास्टर चढवतात त्याच पदार्थाच्या, डिस्प्रोसियम मिसळून टेफ्लॉनमध्ये बसवलेल्या तीन चकत्या असतात. किरण पडले की त्यांची ऊर्जा चकतीच्या स्फटिकांत अडकून राहते, आणि प्रयोगशाळेत चकती तापवली की ती प्रकाशाच्या रूपाने बाहेर पडते. जितका प्रकाश, तितका डोस. एका चकतीवर धातूची गाळणी, दुसरीवर प्लास्टिकची आणि तिसरी उघडी असते, म्हणून किरणांच्या ताकदीचाही अंदाज येतो. एवढी हुशार वस्तू, पण आपण छातीवर होतो की गादीखाली, हे तिला कळत नाही. बॅज फक्त बॅजचा डोस सांगतो, आणि तोच माणसाचा डोस आहे हे आपण धरून चालतो.

अशा आकड्याला रक्ताची तपासणी सांगितली जाते. मला मुंबईत तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात जायचे होते. सिद्धेश्वर एक्स्प्रेसने रात्री निघाले. सोलापुरात मे महिन्यात रात्रीसुद्धा डब्याचा पत्रा हाताला गरम लागतो. पहाटे कल्याणच्या पुढे दमट वारा लागेपर्यंत मी वरच्या बर्थवर जागीच होते, आणि शिक्षणात पाठ केलेली सगळी वाक्ये पुन्हा आठवत होते. किरणांमुळे रक्तात काय होते, हे परीक्षेपुरते मला येत होते. पण ते माझ्या रक्ताबद्दल लिहिलेले आहे, असे तोपर्यंत कधी वाटले नव्हते.

सुईच्या आधी प्रश्न झाले. वय किती, कधी कर्करोगावर उपचार झाले आहेत का, कोणती औषधे चालू आहेत, स्वतःचे एक्स-रे किंवा सीटी स्कॅन कधी आणि कशासाठी काढले, अलीकडे मोठा ताप येऊन गेला का. प्रश्न विचारणाऱ्या शास्त्रज्ञ बाई माझ्याच वयाच्या होत्या आणि त्यांच्या बोलण्यात घाई नव्हती. "बॅज कुठे राहिला होता का?" हाही प्रश्न त्यांनी त्याच सुरात विचारला, आणि मी पुन्हा "आठवत नाही" म्हणाले. त्यांनी लिहून घेतले. मग रक्ताची गुठळी होऊ न देणारे हेपॅरिन घातलेल्या नळीत रक्त काढले गेले. अशा नळ्या बाहेरगावाहून पाठवायच्या झाल्या तर त्या थंडीने गोठू किंवा उन्हाने तापू द्यायच्या नसतात, आणि वाटेत सामानतपासणीच्या एक्स-रे यंत्रातून जाऊ नयेत म्हणून पाकिटावर तशी सूचना लिहायची असते, हे मला तिथे कळले. माझा सगळा जन्म दुसऱ्यांचे एक्स-रे काढण्यात गेला, आणि माझ्या रक्ताचा मात्र एक्स-रे निघू नये म्हणून इतकी काळजी.

रक्तात तांबड्या पेशी सर्वांत जास्त असतात, पण त्यांना केंद्रकच नसते आणि म्हणून त्यात राहणारी गुणसूत्रेही नसतात, म्हणून या कामी त्यांचा उपयोग नाही. उपयोग होतो तो लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचा. त्या शरीरभर फिरतात. एका वेळी त्यांतल्या जेमतेम दोन टक्के रक्तात असतात आणि बाकीच्या प्लीहा, लसीका ग्रंथी, आतडी अशा ठिकाणी. त्यामुळे अंगाच्या कोणत्याही भागावर किरण पडले, तरी त्यांतल्या काही पेशी पुढे केव्हातरी रक्तात येऊन मिळतात. त्यांचे दुसरे वैशिष्ट्य म्हणजे त्या बहुतेक काळ विभाजन न करता स्वस्थ राहतात, काही तर कित्येक वर्षे. किरणांमुळे गुणसूत्रांची झालेली मोडतोड त्या तशीच बाळगून असतात. जानेवारीत घडलेल्या गोष्टीची साक्ष मे महिन्यात मिळू शकते ती याच कारणाने.

मात्र ही मोडतोड स्वस्थ पेशीत दिसत नाही. पेशी विभाजनाच्या ऐन मुहूर्तावर आली, गुणसूत्रे आखूड आणि जाड होऊन एकमेकांपासून सुटी झाली, तरच सूक्ष्मदर्शकाखाली ती मोजता येतात. झोपलेल्या पेशीला उठवून विभाजनाला लावायचे कसे, हे १९६० पर्यंत कुणाला नीट माहीत नव्हते. त्या वर्षी फिलाडेल्फियाच्या पीटर नॉवेल यांना आढळले की, रक्तातल्या तांबड्या पेशी एकमेकींना चिकटवून बाजूला काढण्यासाठी जो पदार्थ वापरतात, तोच लिम्फोसाइटना विभाजन करायला लावतो. हा पदार्थ राजम्याच्या दाण्यातून काढतात. कच्चा किंवा अर्धवट शिजलेला राजमा खाल्ला की उलट्या होतात, त्याला हाच पदार्थ कारण आहे. त्याच वर्षी नॉवेल आणि हंगरफोर्ड यांनी एका प्रकारच्या रक्तकर्करोगात आढळणाऱ्या छोट्या, बिघडलेल्या गुणसूत्राची नोंदही केली. एकाच माणसाच्या हातून एकाच वर्षी हे दोन्ही व्हावे, याचे मला अजून नवल वाटते.

तर माझे अर्धा मिलिलिटर रक्त पोषक द्रवात मिसळून, त्यात राजम्याचे ते सत्त्व घालून, ३७ अंशांवर ४८ तास ठेवले गेले. शेवटच्या दोनतीन तासांत कोल्सेमिड घालतात. ते कोल्चिसिनचे भावंड आहे, आणि कोल्चिसिन आपल्या रानातल्या कळलावीच्या कंदातही असते. पेशीतली गुणसूत्रे दोन टोकांना ओढणारे धागे ते तयारच होऊ देत नाही, त्यामुळे पेशी विभाजनाच्या मध्यावर अडकून राहते. त्यानंतर मिठासारख्याच एका क्षाराचे, पोटॅशियम क्लोराइडचे, अगदी पातळ द्रावण घातले की पाणी आत शिरून पेशी फुगते आणि आतली गुणसूत्रे ऐसपैस होतात. ही युक्ती १९५० च्या सुमारास टेक्सासच्या एका प्रयोगशाळेत कुणीतरी द्रावण चुकीचे, जास्त पातळ केल्यामुळे हाती लागली, आणि टी. सी. ह्सू यांनी ते चुकीचे द्रावण फेकून देण्याऐवजी त्या चुकीचा माग काढला. ती चूक झाली नसती, तर माणसाची गुणसूत्रे ४८ असतात हे पाठ्यपुस्तकातले वाक्य आणखी काही वर्षे टिकले असते. ती ४६ आहेत हे त्यो आणि लेव्हान यांनी १९५६ मध्ये छापले. मेथॅनॉल आणि ॲसेटिक ॲसिडने पेशी पक्क्या करतात, थेंब काचपट्टीवर उंचावरून टाकतात आणि जिएम्सा या जांभळ्या रंगाने रंगवतात. जिएम्साशी माझी ओळख मलेरियाच्या काचपट्टीपुरती होती.

आता शोधायचे काय, हे सांगताना मला वडिलांच्या मागाची आठवण येते, कारण मला ते तसेच समजले. अशोक चौकाकडच्या एका कारखान्यात वडील यंत्रमागावर होते. चादरीच्या ताण्याचा एखादा धागा तुटला की माग थांबवायचा, दोन टोके शोधायची, गाठ मारायची आणि माग पुन्हा सुरू करायचा, हे काम ते बोलता बोलता करत. भानगड व्हायची ती शेजारशेजारचे दोन धागे एकदम तुटले तर. तेव्हा टोके चार होतात, आणि पाळी संपत आलेल्या माणसाकडून एका धाग्याचे टोक दुसऱ्याला बांधले जाऊ शकते. मग नक्षीत एक चुकार रेघ येते आणि चादर दुय्यम मालात जाते. पेशीचेही तसेच आहे. किरणाने गुणसूत्राचा दोर पुरता तोडला की पेशीतली विकरे लगेच टोके सांधायला घेतात, आणि बहुतेक वेळा बरोबर सांधतात. पण दोन वेगळ्या गुणसूत्रांचे दोर जवळजवळ आणि एकाच सुमारास तुटले, तर चुकीची टोके जुळू शकतात. वडिलांना निदान धाग्याचा रंग पाहून चूक कळायची. विकरांना रंग नसतो. त्यांच्या लेखी टोक म्हणजे टोक.

प्रत्येक गुणसूत्राला एक कंबर असते, तिला सेंट्रोमियर म्हणतात. चुकीची सांधणी अशी झाली की कंबर असलेले दोन तुकडे एकमेकांना जुळले, तर दोन कमरांचे एक गुणसूत्र तयार होते, आणि उरलेले दोन तुकडे जुळून बिनकमरेचा एक तुकडा बाजूला पडतो. ही जोडी आहे किरणांची खूण. दोन कमरांची गुणसूत्रे घडवणारी कारणे निसर्गात फारशी नाहीत. धूम्रपान, वय, रोजचे आजार यांचा त्यांच्यावर नगण्य परिणाम होतो, आणि बहुतेक रसायने वेगळ्या प्रकारची मोडतोड करतात. म्हणून निरोगी माणसाच्या रक्तात अशी पेशी हजारात साधारण एक किंवा त्याहूनही कमी सापडते. १९६२ मध्ये बेंडर आणि गूच यांनी नळीतल्या रक्तावर क्ष-किरण टाकून ही मोडतोड मोजली. त्याच वर्षी अमेरिकेतल्या हॅनफर्डला प्लुटोनियमच्या कारखान्यात अपघात झाला, आणि तिथल्या कामगारांच्या रक्तात त्यांना तीच खूण दिसली.

पुढचा भाग गणिताचा आहे, पण तो मला या सगळ्यात सर्वांत देखणा वाटतो. दोन तुटी दोन रीतींनी होऊ शकतात. एकाच किरणाच्या वाटेत दोन्ही दोर आले आणि त्याने दोन्ही तोडले, तर अशा घटना डोसच्या प्रमाणात वाढतात. डोस दुप्पट, घटना दुप्पट. पण एक तूट एका किरणाची आणि दुसरी दुसऱ्याची असेल, तर त्यांची गाठ पडण्याची शक्यता डोसच्या वर्गाप्रमाणे वाढते. डोस दुप्पट, घटना चौपट. म्हणून प्रयोगशाळा निरोगी लोकांच्या रक्ताला नळीतच ठरावीक डोस देऊन दोन पदांची वक्ररेषा आधी काढून ठेवते, आणि ती प्रत्येक प्रयोगशाळेला स्वतःची काढावी लागते. कोबाल्टच्या गॅमा किरणांसाठी पहिल्या पदाचा गुणक साधारण ०.०३ आणि दुसऱ्याचा ०.०६ धरला, तर १ ग्रेला (अशा किरणांसाठी १ ग्रे म्हणजे १ सिव्हर्ट, हजार मिलिसिव्हर्ट) हजार पेशींत नव्वदच्या आसपास दोन कमरांची गुणसूत्रे मिळतात आणि ४ ग्रेला सरासरीने प्रत्येक पेशीत एक. उपचार मिळाले नाहीत तर निम्मी माणसे दगावतील असा डोस या ४ ग्रेच्याच आगेमागे आहे. उलट बाजूला, ०.१ ग्रेच्या खाली ही वक्ररेषा निरोगी माणसाच्या रेषेत इतकी मिसळून जाते की हजार पेशी मोजूनही दोन्ही वेगळ्या ओळखता येत नाहीत.

काही आठवड्यांनी कागदपत्रांसाठी मला पुन्हा जावे लागले, तेव्हा त्या शास्त्रज्ञ बाईंनी मला सूक्ष्मदर्शकापाशी बसवले. माझी मोजणी चालूच होती. पहिल्यांदा मला फक्त जांभळ्या शेवयांचे झुबके दिसले. मग त्यांनी शिकवले: आधी सगळ्या कमरा मोजायच्या, ४६ भरल्या तरच पेशी हिशेबात घ्यायची, कमी भरल्या तर सोडायची, दोन गुणसूत्रे नुसती एकमेकांवर पडली असतील तर त्यांना दोन कमरांचे समजायचे नाही, आणि शेजारी बिनकमरेचा तुकडा मिळाल्याशिवाय खात्री धरायची नाही. पेशी पहिल्याच विभाजनात असली पाहिजे, कारण दुसऱ्यापर्यंत अशा निम्म्या पेशी गळालेल्या असतात. दोन कमरा दोन दिशांना ओढल्या गेल्या की पेशी मरते. मी दहा पेशी मोजल्या तेवढ्यात डोळ्यांतून पाणी आले. "हजार व्हायला चारपाच दिवस जातात," त्या म्हणाल्या, "आणि दोघांनी स्वतंत्रपणे मोजायच्या." आता गुणसूत्रे शोधून देणारी यंत्रे आली आहेत, तरी शेवटचा शब्द डोळ्याचाच असतो असे ऐकते.

हजार हा आकडा ऐकून मला आई आठवली. आई विड्या वळायची. आमच्या गल्लीत पद्मशाली बायका बहुसंख्य होत्या आणि त्यांच्यात बसून तिलाही हाताला तेवढाच वेग आला होता: कात्रीने पान कापायचे, तंबाखू भरायची, वळून दोरा गुंडाळायचा, पंचवीस झाल्या की कट्टा. दिवसाला हजार हे घराघरांतले माप होते. लग्नाच्या बोलाचालीतसुद्धा मुलगी किती विड्या वळते हे विचारले जाई. संध्याकाळी कारखान्यात माल तपासणारा माणूस कट्टे हातात फिरवून सैल, आखूड, फाटक्या विड्या छाट म्हणून बाजूला काढी, आणि तेवढ्याची मजुरी जाई. तो प्रत्येक विडी पाहत नसे. चार कट्टे पाहून साऱ्या मालाचा अंदाज करी, आणि त्यावरून रोज भांडणे होत. सूक्ष्मदर्शकापाशी बसलेल्या बाईंनी तसे करायचे ठरवले असते, तर शंभर पेशी पाहून त्यांना माझ्याबद्दल काहीच सांगता आले नसते. अपघात मोठा असेल आणि रांगेत शेकडो माणसे असतील तर पन्नास पेशींवरही भागवतात, कारण तेव्हा फक्त कुणाला आधी दवाखान्यात न्यायचे एवढेच ठरवायचे असते. माझा प्रश्न लहान होता, आणि लहान डोसच्या प्रश्नाला जास्त मोजावे लागते.

वाट पाहण्याच्या त्या दिवसांत मी ब्राझीलमधल्या गोयानियाबद्दल जे मिळेल ते वाचले. १९८७ च्या सप्टेंबरमध्ये तिथल्या ओस पडलेल्या एका उपचार केंद्रातून दोघांनी सीझियम-१३७ चे उपकरण भंगारासाठी उचलून नेले. भंगारवाल्याला आतल्या भुकटीचा निळा उजेड आवडला, आणि त्याने तो नातलगांना, शेजाऱ्यांना दाखवला, वाटला. पुढे मैदानात रांगा लावून १,१२,००० हून अधिक लोकांची तपासणी झाली, २४९ जणांच्या अंगावर किंवा शरीरात सीझियम सापडले, आणि चार जण दगावले. त्यांतल्या कुणाकडेही बॅज नव्हता. कोण किती वेळ त्या उजेडापाशी बसले, हे माणसांना सांगता येत नव्हते, म्हणून ते त्यांच्या रक्तात मोजले गेले. भंगारवाल्याच्या डोसचा अंदाज सुमारे ७ ग्रे निघाला, जो मेलेल्या चौघांपेक्षाही जास्त होता, आणि तो वाचला. त्याला तो डोस थोडा थोडा करून मिळाला होता, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. तीन वर्षांनी, २०१० च्या एप्रिलमध्ये, दिल्लीच्या मायापुरीत लिलावात विकल्या गेलेल्या एका जुन्या उपकरणातले कोबाल्ट-६० भंगारबाजारात फुटले आणि एक कामगार मेला, तेव्हा मला गोयानिया आठवलेच, पण त्याहून जास्त आमच्या गल्लीतला भंगारवाला आठवला. बंद पडलेल्या कारखान्यांचे माग किलोवर विकत घेणारा तो माणूस कोणतीही पेटी समोर आली की आधी हातोड्याने उघडून आत पितळ आहे का ते पाहत असे.

माझा अहवाल आषाढात आला. हजार पेशी मोजल्या. दोन कमरांचे गुणसूत्र: एक. खाली निष्कर्ष होता, की डोस या पद्धतीच्या मोजमर्यादेच्या, म्हणजे ०.१ ग्रेच्या, खाली आहे.

दोनशे मिलिसिव्हर्ट खरोखर माझ्या अंगभर पडले असते, तर हजार पेशींत नऊदहा तरी मिळायला हवी होती, आणि क्ष-किरणांसाठी कदाचित आणखी काही. मिळाले एक. मोजणीचे गणित मात्र एकाला नुसते एक मानत नाही. आज हजारात एक सापडले, म्हणजे खरी सरासरी एकच आहे असे नव्हे, ती ५.६ पर्यंतही असू शकते आणि योगायोगाने मला एकच मिळाले असेल. ५.६ म्हणजे ०.१ ग्रेच्या आसपास. म्हणून अहवालात "शून्य" असा शब्द नव्हता, "खाली" असा होता. मी तो कागद पुन्हा पुन्हा वाचत राहिले, आणि दर वेळी त्या "खाली" वर अडखळले. खाली म्हणजे कुठवर? गादीखालच्या बॅजचे सगळे माझ्या नावावरून उतरले होते, हे उघड होते. तडकलेल्या ॲप्रनमागे उभी राहिलेली बाई मात्र त्या शब्दात कुठेतरी अजून होती, आणि तिच्या वाट्याला पाच आले की पन्नास, हे सांगण्याची त्या रक्ताची ताकद नव्हती.

आणि ते एक? मी फोन करून विचारलेच. बाई हसल्या नाहीत. "ते कुणाच्याही रक्तात सापडलं असतं," त्या म्हणाल्या. जमिनीतून, आकाशातून, खाण्यापिण्यातून माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतच असतात, आणि पेशी आपण होऊनही कधीतरी चुकते. त्या एकावर माझे नाव नव्हते, त्या म्हाताऱ्या रुग्णांचेही नव्हते. शिवाय, त्यांनी सांगितले, दोन कमरांचे गुणसूत्र असलेली पेशी बहुधा पुढच्या विभाजनात मरतेच. तिची धास्ती घेऊ नये. पुढे उपद्रव देऊ शकते ती दुसऱ्या तऱ्हेची चुकीची सांधणी, जिच्यात तुकड्यांची नुसती अदलाबदल होते, कंबर एकच राहते आणि पेशी टिकते. ती साध्या जिएम्साने सहसा दिसत नाही. गुणसूत्रे वेगवेगळ्या चमकत्या रंगांत रंगवावी लागतात. आपण मोजतो ती खूण आणि आपण भितो तो धोका या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे रोज किरणांशी काम करूनही मला तोपर्यंत कुणी असे सांगितले नव्हते. आंतरराष्ट्रीय हिशेबाप्रमाणे १ सिव्हर्टमागे कर्करोगाचा धोका साधारण ५ टक्क्यांनी वाढतो. माझे "खाली" त्याच्या दहाव्या भागाच्याही खाली होते, म्हणजे अर्ध्या टक्क्याहून कमी. आकड्याने दिलासा दिला, पण "तुम्हाला काहीही झालेले नाही" असे वाक्य मला हवे होते, आणि प्रामाणिक प्रयोगशाळा ते वाक्य लिहीत नाही.

फोन ठेवण्याआधी मी त्यांना गादीचे सांगितले. जानेवारीची तारीख, नऊ दिवस, मावशी, टेबलाखालची ट्यूब, सगळे. पलीकडे थोडा वेळ शांतता होती. "पहिल्या दिवशी सांगितलं असतंत तरी रक्त घेतलंच असतं," त्या म्हणाल्या. "लोक दोन्ही बाजूंनी सांगतात. बॅज अंगावरच होता असं सांगणारेही असतात, आणि रक्त वेगळं सांगतं." मग त्यांनी तेच लेखी कळवायला सांगितले. मी ते पत्र साहेबांमार्फत पाठवले. त्यांनी सही करताना एकदा वर पाहिले, आणि दुसऱ्या दिवशी तडकलेल्या ॲप्रनच्या जागी नवा मागवण्याच्या कागदावरही सही केली.

आईला मी अहवाल वाचून दाखवला तेव्हा तिच्या बोटांची सूज वाढली होती आणि ती दिवसाला पाचशेवर आली होती. हजार पेशी मोजल्या, एक खराब निघाली, एवढेच तिला समजेल असे सांगितले. तिने हातातला कट्टा बांधून बाजूला ठेवला. "हजारात एक छाट व्हय?" ती म्हणाली. "मग कारखान्यातनं कोण माघारी धाडतंय ते?"

मी निवृत्त होऊन आता काही वर्षे झाली. दोन कमरांची गुणसूत्रे असलेल्या पेशी रक्तातून साधारण तीनेक वर्षांत निम्म्या होतात, आणखी तीनेक वर्षांत त्याच्या निम्म्या. त्या हिशेबाने २००७ च्या पेशींतले माझ्या अंगात आता जवळजवळ काही उरलेले नसणार. आज रक्त दिले तर अदलाबदल झालेली गुणसूत्रे शोधावी लागतील, आणि ती तर वयाबरोबरही वाढत जातात. माझ्या वयाच्या कुणा विडी कामगार बाईच्या रक्तात सापडतील तितकी माझ्याही रक्तात सापडतील, आणि त्यांतले टेबलापाशी मिळालेले कोणते, हे वेगळे काढता येणार नाही. अहवालाची प्रत मी आईच्या विडी कामगार ओळखपत्रासोबत एकाच प्लास्टिकच्या पिशवीत ठेवली आहे. जिएम्साची शाई फिकी पडते म्हणतात, पण माझ्या त्या एका पेशीची काचपट्टी तुर्भ्याच्या कुठल्यातरी लाकडी पेटीत, तिच्या जागेचे दोन आकडे कडेला पेन्सिलीने लिहिलेली, अजून असावी असे मला वाटते.